लागणं आणि लागू पडणं

सोमवारी सव्वाअकराच्या मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, "एवढी साधी गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली कशी?" महिन्याच्या तक्त्यातल्या एका रकान्यात मागच्या महिन्याचा आकडा तसाच राहिला होता. चूक माझी होती. वाक्य बोलून संपायला दोन-तीन सेकंद लागली असतील. लगेच दुसरा विषय निघाला, आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत टेबलाभोवतीच्या आठ जणांपैकी कुणाला ते आठवतही नसावं. माझ्याजवळ मात्र ते रात्री दोन वाजताही जागं होतं.

साहेबांचा आवाज चढलेला नव्हता, मनात आकसही नव्हता. त्यामुळे त्यांच्याविषयी तक्रार करायची नाही. मला त्या वाक्याच्या मागे मागे जायचं आहे, सव्वाअकरापासून रात्री दोनपर्यंत. कारण त्या वेळात माझ्यासारख्या माणसाच्या शरीरात आणि मनात जे होतं ते टप्प्याटप्प्याने होतं, आणि प्रत्येक टप्प्याची गरज वेगळी असते. सकाळी उपयोगी पडतं ते रात्री पडत नाही. हे कळायला मला पस्तिशी उलटावी लागली. तोवर एकच औषध माहीत होतं, घरच्यांनी, बाईंनी, मैत्रिणींनी प्रेमाने सांगितलेलं: "मनाला लावून घेऊ नकोस." पण लावून कोणी घेत नाही. ते लागतं. मग लागल्यावर काय करायचं, हे कुणी सांगत नाही.

आधी दोन शब्द वेगळे करायला हवेत, कारण घराघरांत त्यांची गल्लत होते: अंतर्मुख आणि हळवा. अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी कार्ल युंग यांनी 1921 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडली, मनाची ओढ आत आहे की बाहेर यावरून. पुढे हान्स आयझेंक यांनी तिचा संबंध शरीराशी जोडला. त्यांचं म्हणणं असं, की अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच जास्त जागा असतो, म्हणून बाहेरून थोडंसं काही आलं तरी त्याला ते पुरतं. जिभेवर लिंबाच्या रसाचे थेंब टाकले की अंतर्मुखांना सरासरीने जास्त लाळ सुटते, हा प्रयोग त्यामुळेच गाजला. गर्दीतून आल्यावर तासभर कुणाशी बोलू नये असं वाटणं हा या जास्तीच्या जागेपणाचा थकवा आहे. त्यात कुणाचा तिरस्कार नसतो. अशा माणसाला आपल्याकडे सरसकट 'माणूसघाणा' म्हणतात, आणि त्या शब्दाने किती जणांवर अन्याय केलाय याचा हिशेब नाही.

हळवेपणाचा अभ्यास त्या मानाने अलीकडचा. इलेन एरन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचं अतिसंवेदनशील माणसांवरचं पुस्तक 1996 मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी पती आर्थर एरन यांच्याबरोबरचा शोधनिबंध. त्यांनी 27 प्रश्नांची एक प्रश्नावली बनवली. मोठ्या आवाजाने अस्वस्थ होता का, दुसऱ्याच्या मनःस्थितीचा तुमच्यावर परिणाम होतो का, खूप भूक लागली की लक्ष उडतं का, चित्राने किंवा गाण्याने आतून हलता का, अशा धर्तीचे ते प्रश्न आहेत. भुकेची चिडचिड आणि गाण्याने डोळ्यांत येणारं पाणी एकाच यादीत पाहून मला पहिल्यांदा फार सुटल्यासारखं वाटलं होतं. हा आजार नाही आणि निदानही नाही, स्वभावाची जडणघडण आहे. संशोधक मायकेल प्लूस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये दाखवलं, की माणसं साधारण तीन गटांत पडतात: जास्त संवेदनशील सुमारे 31 टक्के, मधले 40 आणि कमी संवेदनशील 29. म्हणजे दहा माणसांच्या घरात आपल्यासारखे आणखी दोघं असायला हरकत नाही.

आणि सगळेच हळवे अंतर्मुख नसतात. एरन यांच्या अंदाजानुसार दहातले तीन चक्क बहिर्मुख असतात. माझी नणंद तशी आहे. लग्नघरात सगळ्यात पुढे, आणि कुणी तोडून बोललं की सगळ्यात आधी कोमेजणारी. पण ती लगेच चार जणांना सांगून मोकळी होते. माझ्यात दोन्ही गोष्टी एकत्र आल्यात. आत खूप शिरतं आणि बाहेर फार कमी पडतं. रोजची अडचण आहे ती इथे.

आता त्या सोमवारकडे येते. वाक्य सव्वाअकराला आलं, पण माझा दिवस पहाटे साडेपाचला सुरू झाला होता. आदल्या रात्री मागच्या इमारतीत हळदीचा कार्यक्रम होता आणि स्पीकर बारानंतर थांबला. (ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकरला मनाई आहे. या नियमाची सगळ्यात जास्त गरज कुणाला असते, ते आमच्यासारख्यांना विचारावं.) झोप जेमतेम साडेचार तास. सकाळी कुकर, मिक्सर, टीव्हीवरच्या बातम्या, सगळं एकाच वेळी. लोकलच्या लेडीज डब्यात चौथी सीट, आणि समोर दोघींचं जागेवरून भांडण. त्या भांडणाशी माझा काही संबंध नव्हता, तरी घाटकोपर येईपर्यंत माझं पोट आवळलेलं होतं. ऑफिसात शिरते तोच पलीकडच्या टेबलावरचा फोन स्पीकरवर. मीटिंग सुरू झाली तेव्हा पोटात एक चहा होता.

साहेबांचं वाक्य पडलं ते काठोकाठ भरलेल्या भांड्यात. रविवारी निवांत झोपलेल्या, पोटभर नाश्ता केलेल्या मला तेच वाक्य ऐकवलं असतं, तर ते तितकं लागलं नसतं. झोपेचा हा हिस्सा मोजलेलाही आहे. 2007 च्या एका अभ्यासात सुमारे 35 तास जागं ठेवलेल्या तरुणांना अप्रिय चित्रं दाखवली. मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो, धोक्याची घंटा वाजवणारा. त्याची प्रतिक्रिया नीट झोपलेल्यांच्या तुलनेत 60 टक्क्यांनी जास्त निघाली. घंटा तीच, फक्त दोरी हातात धरणारं कुणी नाही.

म्हणून पहिला उपाय वाक्य येण्याच्या आधीचा आहे, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचाही हाच. तो दिसायला इतका साधा आहे की कुणी त्याला उपाय म्हणत नाही. स्टेशनवर उतरल्यावर मी आता लगेच रिक्षाच्या रांगेकडे धावत नाही, फलाटाच्या टोकाच्या बाकावर सात-आठ मिनिटं बसते. मोबाइल पर्समध्येच. नात्यातले, सोसायटीचे आणि शाळेतल्या वर्गाचे असे सगळे ग्रुप मूक करून ठेवलेत, ते दिवसातून एकदा संध्याकाळी बघते. मीटिंगच्या आधी मूठभर चणे-शेंगदाणे खातेच. आठवड्यातून दोन दिवस डबा एकटीने खाते, आणि त्याचं कारण मैत्रिणींना एकदाच नीट सांगून टाकलंय, म्हणजे रोज सबब शोधावी लागत नाही. यातल्या एकाही गोष्टीने माझी कातडी जाड झालेली नाही. भांडं मात्र थोडं रिकामं राहतं.

आता ती दोन सेकंदं. वाक्य कानावर पडताच अर्थ लागायच्याही आधी शरीराने उत्तर दिलं. कान तापले, घसा दाटला, तळहात ओले झाले. ॲड्रेनलिन सेकंदांत रक्तात येतं, ते कुणाच्या विचारण्याची वाट पाहत नाही. मी काय केलं? चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहिण्याचं नाटक केलं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं असेल, हिला काही लागलंच नाही. "तू किती शांत असतेस" हे वाक्य हळव्या अंतर्मुखांना आयुष्यभर ऐकावं लागतं ते यामुळे.

या दाबून टाकण्याची किंमत जेम्स ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात मोजली. लोकांना अस्वस्थ करणाऱ्या चित्रफिती दाखवल्या आणि काहींना सांगितलं, की चेहऱ्यावर काहीही दिसू देऊ नका. चेहरे कोरे राहिले, पण रक्तवाहिन्यांवरचा आणि हृदयाशी निगडित ताण दाबणाऱ्यांमध्ये उलट वाढलेला होता. पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं, की भावना दाबत असताना समोर जे चाललेलं असतं ते नीट लक्षात राहत नाही. मला हे वाचून धक्का बसला. त्या दिवशी मीटिंगमध्ये पुढे काय ठरलं हे मला खरोखरच शेजारच्या मैत्रिणीला विचारावं लागलं होतं. सगळी शक्ती चेहरा सांभाळण्यात गेली होती.

मग मीटिंगमध्ये रडायचं का? तसं नाही. शरीराला दुसरी वाट द्यायची. श्वास सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात, कारण त्या वेळी व्हेगस मज्जातंतूचा हृदयावरचा लगाम घट्ट होतो. घेतलेल्यापेक्षा सोडलेला श्वास लांब ठेवला की हा लगाम आपल्याला वापरता येतो, टेबलाशी बसल्याबसल्या, कुणाला न कळता. एकांतात असाल तर नाकाने एक पूर्ण श्वास, त्यावर आणखी एक छोटा, आणि मग तोंडाने सावकाश लांब सोडायचा. रडून शांत होणारं मूल असाच दुहेरी श्वास घेतं. स्टॅनफर्डच्या 2023 मधल्या अभ्यासात महिनाभर रोज 5 मिनिटं हा श्वास घेणाऱ्यांचा मूड इतर पद्धती वापरणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला.

दुसरी गोष्ट, तयार वाक्य. अशा वेळी आमची भाषा आम्हाला सोडून जाते. मुखदुर्बळ म्हणतात ते हेच. उत्तम उत्तर सुचतं, पण जिन्यावरून उतरताना. म्हणून मी एक वाक्य घरीच घडवून ठेवलं आहे: "हो, बघते, आणि दुरुस्त करून चारपर्यंत पाठवते." त्यात माफीचा पूर नाही, खुलासा नाही. एवढं बोलता आलं की निदान मुकं राहिल्याची टोचणी तरी मागे उरत नाही.

पुढचा अर्धा तास फसवा असतो. आपल्याला वाटतं प्रसंग संपला, पण कॉर्टिसॉल हा तणावाचा दुसरा रस सावकाश चढतो. त्याची पातळी साधारण 20 ते 30 मिनिटांनी शिखरावर जाते आणि उतरायला त्याहून जास्त वेळ घेते. म्हणजे सव्वाअकराला लागलेलं पावणेबाराला जास्त दुखतं, तेही नवं काही घडलेलं नसताना. पूर्वी मी याच अर्ध्या तासात लांबलचक खुलाशाच्या ई-मेल लिहायचे, राजीनाम्याचा मसुदासुद्धा एकदा याच वेळेत लिहिला होता. आता या वेळात एकच काम करते, चार मजले जिन्याने उतरते आणि चढते. ॲड्रेनलिनने पायांसाठी आणलेली ताकद पायांनाच देऊन टाकायची. निर्णय, उत्तरं, फोन, सगळं दुपारनंतर.

दुपारी शरीर निवतं आणि मन कामाला लागतं. हळव्या माणसाच्या मनाचा हा गुणच आहे, ते प्रत्येक गोष्ट खोलवर चघळतं. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास जी उपचारपद्धती मांडली, आपल्याकडे तिला विवेकनिष्ठ म्हणतात. तिचा गाभा असा, की घटना आणि भावना यांच्या मध्ये आपला एक दृष्टिकोन बसलेला असतो आणि भावना बरीचशी त्यातून येते. हे मला पटत असूनही वापरता येत नव्हतं, कारण वापरताना मी स्वतःलाच दरडावायचे: तुझा विचार अविवेकी आहे, बदल. मग एक साधी रीत सापडली. पाठकोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे फक्त ऐकलेलं. त्या दिवशी तिथे सात शब्द होते: एवढी साधी गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली कशी. उजवीकडे मी जोडलेलं. तिथे पान भरलं. सगळ्यांना मी निष्काळजी वाटले. 'साधी' या शब्दावर त्यांनी मुद्दाम जोर दिला. कोपऱ्यातली दोघं हसली. पुढचं मोठं काम मला मिळणार नाही. बाबांना चालायची नाही अशी चूक.

शेवटची ओळ लिहून मी थांबले. बाबांना जाऊन अकरा वर्षं झालीत.

उजवीकडचं सगळंच खोटं असतं असं नाही. आपल्याला बारकावे दिसतात, कधी कधी ते बरोबरही असतात. कागदाने एवढंच होतं, की साहेबांचं किती आणि माझं किती हे वेगळं दिसतं. साहेबांच्या वाट्याला सात शब्द आणि जुन्या हिशेबाच्या वाट्याला पानभर, हे दिसलं की राग कुणावर धरायचा याचा गोंधळ तरी निवळतो.

याच चघळण्याची एक वाईट जात आहे, घाण्याच्या बैलासारखी. चालणं खूप, पोचणं नाही. सुसान नोलेन-होक्सेमा यांनी या घोळत बसण्याचा आयुष्यभर अभ्यास केला. 1989 मध्ये कॅलिफोर्नियात मोठा भूकंप झाला, त्याच्या 14 दिवस आधी त्यांनी योगायोगाने स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांच्या मनःस्थितीच्या आणि विचारांच्या सवयींच्या नोंदी घेतल्या होत्या. भूकंपानंतर दहा दिवसांनी आणि सात आठवड्यांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा ज्यांची सवय घोळत बसण्याची होती त्यांच्यात खिन्नता जास्त होती. हा फरक ओळखायला मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: गेल्या दहा मिनिटांत काही नवं कळलं का? नसेल कळलं, तर हा घाणा आहे. मग हाताला काम द्यायचं. भाजी निवडणं, कपाट लावणं, लसूण सोलणं. डोक्याने डोक्याला थांबवता येत नाही, हातांनी येतं.

संध्याकाळी घरी आले. नवऱ्याने चेहरा बघून विचारलं, "काय झालं गं?" मी म्हटलं, "काही नाही." हे 'काही नाही' किती घरांत किती वर्षं बोललं जातंय! थोड्या वेळाने सांगितलं, तर तो म्हणाला, "सोडून दे. एवढ्याशा गोष्टीला काय!" तो प्रेमाने म्हणाला. पण आता दोन गोष्टी लागलेल्या होत्या. एक ते वाक्य, आणि दुसरं, ते लागलं याची लाज. ही दुसरी जखम पहिलीपेक्षा हळू भरते.

या विषयावर आमचं एकदा शांतपणे बोलणं झालं. लागलेलं असताना हे बोलणं जमत नाही. एका रविवारी दुपारी चहा घेताना मी त्याला म्हटलं, "मी आल्यावर मला वीस मिनिटं काही विचारू नकोस. मग मी आपणहून सांगेन. आणि सांगितल्यावर उपाय सांगू नकोस, फक्त 'हं' म्हण." तो म्हणाला, "एवढंच? मला वाटायचं तू माझ्यावर रुसतेस." बारा वर्षांच्या संसारात त्याला माझी शांतता रुसवा वाटत होती आणि मला त्याचा सल्ला हेटाळणी. अंतर्मुख माणसाने आपल्या गरजा सांगायला हव्यात. न सांगता ओळखाव्यात ही अपेक्षा आपल्या माणसांवर जड पडते.

त्या वीस मिनिटांत मी काय करते, तर शब्द शोधते. 2007 मध्ये मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवून त्या भावनेला नाव द्यायला सांगितलं. चेहऱ्याला साजेसं माणसाचं नाव निवडण्यापेक्षा भावनेचा शब्द निवडताना अमिग्डाला जास्त शांत होता. घंटेला कळतं, की कुणीतरी दार उघडून बघितलंय.

आणि इथे मराठी आपल्याला भरभरून देते. 'अपसेट' आणि 'टेन्शन' या दोन शब्दांवर आपण दिवस काढतो, पण आजीच्या तोंडी किती शब्द होते! रुखरुख म्हणजे काहीतरी करायचं राहून गेलं त्याची. ती लागली तर ते काम करून टाकावं, फोन करून घ्यावा. टोचणी आपल्या चुकीची असते, तिला दुरुस्ती लागते किंवा माफी. हुरहुरीला कारण नसतं, ती दिवेलागणीला येते आणि तिला उत्तर शोधू नये, कुणाच्या तरी जवळ जाऊन नुसतं बसावं. घुसमट म्हणजे बोलायचं आहे आणि बोलता येत नाही, तिला कागद लागतो. चिडचिड बहुतेक वेळा शरीराची असते, आधी जेवावं, मग विचार करावा. कानकोंडं होणं, ओशाळणं, खट्टू होणं, मन विटणं, प्रत्येकाची चव वेगळी. आणि शब्द अचूक सापडला की शरीराला कळतं. खांदे खाली येतात.

त्या संध्याकाळी मी आधी 'राग' म्हणून पाहिलं. बसेना. 'अपमान' म्हटलं, तोही मोठा झाला. मग सापडलं: ओशाळले होते. चारचौघांत आपली चूक उघडी पडली की जे होतं ते. रागाला समोर दुसरा माणूस लागतो, ओशाळण्याला नाही. त्याला हवं असतं एक माणूस, ज्याने सगळं बघूनही आपल्याला कमी लेखलेलं नाही. मी मैत्रिणीला फोन केला, तीच जिला मीटिंगचं विचारलं होतं. म्हटलं, "आज फार ओशाळल्यासारखं झालं गं." ती म्हणाली, "मार्चमध्ये माझा अख्खा रकाना चुकला होता, विसरलीस?" खरंच विसरले होते. तिची चूक मला आठवत नव्हती, मग माझी इतरांना किती दिवस आठवणार होती?

फोन करवत नसेल, आणि अंतर्मुखांना तो बऱ्याचदा करवत नाही, तर लिहावं. जेम्स पेनेबेकर यांनी 1986 मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज 15 मिनिटं मनावरच्या घावांविषयी लिहायला लावलं. ज्यांनी काय घडलं आणि काय वाटलं हे दोन्ही लिहिलं, त्यांना पुढच्या काही महिन्यांत विद्यापीठाच्या दवाखान्यात कमी वेळा जावं लागलं. लिहून झाल्यावर लगेच मात्र त्यांना जास्त उदास वाटलं होतं, हे आधी माहीत असलेलं बरं. त्यामुळे झोपायच्या तोंडावर लिहू नये. सातला लिहावं, आठला जेवावं.

तरीही रात्री दोनला जाग आलीच. इतकं सगळं करून ते वाक्य उशाशी होतं. या वेळी मन वकिली करायला बसलेलं असतं आणि निकाल नेहमी आपल्याविरुद्ध जातो. मी आता अंथरुणात पडून लढत नाही. उठते, स्वयंपाकघरातला लहान दिवा लावते, पाणी पिते. आणि स्वतःशी 'मी' सोडून बोलते. ईथन क्रॉस यांच्या 2014 मधल्या प्रयोगांत दिसलं, की ताणाच्या प्रसंगी स्वतःला नावाने किंवा 'तू' म्हणून संबोधणाऱ्यांना 'मी'त अडकलेल्यांपेक्षा कमी त्रास होतो. आपल्याकडे त्यासाठी 'अगं' आहे. "अगं, एक आकडा चुकला. उद्या दुरुस्त होईल. झोप आता." मावशी म्हणेल तसं. स्वतःच्या तोंडून मावशीचा आवाज ऐकला की मला रडू येतं, आणि मग झोप.

दुसऱ्या दिवशी साहेबांना तीन ओळी लिहून पाठवल्या. तक्ता दुरुस्त केलाय, पुढच्या महिन्यापासून जुळवणीची एक पायरी वाढवतेय, आणि तिसरी ओळ: चूक दिसली तर मला आधी एकटीला सांगितलंत तर दुरुस्ती लवकर होईल. समोर जाऊन हे मला सांगता आलं नसतं. लिहिणं ही आमची जागा आहे, तिथून बोलण्यात काही कमीपणा नाही. त्यांचं उत्तर आलं, "ठीक." एवढंच. पुढे ते कधी एकटीला सांगतात, कधी विसरतात.

माणसांचाच भार वाटतो तेव्हा काय, हे थोडक्यात. लग्नकार्यात, गणपतीत मी काम मागून घेते. पंगतीत वाढायला उभं राहिलं की प्रत्येकाशी दोन शब्द होतात आणि कुठेच अडकून पडावं लागत नाही. बाहेर पडायची वेळ आधीच सांगून ठेवते. पण सगळंच टाळू नये. चारचौघांत मोकळं वागल्यावर आपल्याला किती बरं वाटेल याचा अंदाज अंतर्मुख लोक कमी करतात, असं संशोधन आहे. त्याच वेळी 2019 मध्ये ऑस्ट्रेलियात लोकांना आठवडाभर बहिर्मुखासारखं वागायला लावलं, तेव्हा जास्त अंतर्मुख असलेल्यांना थकवा आणि आपण आपण नाही असं वाटणं पदरी आलं. तेव्हा जायचं, पण आपल्या मापाने.

एक गोष्ट मात्र घोळण्याच्या आणि लागण्याच्या पलीकडची. दोन आठवडे सलग मन खिन्न, झोप-भूक गेलेली, आवडीच्या कशातही जीव रमत नाही, किंवा जगू नये असं वाटतं, तर तो हळवेपणा समजून अंगावर काढू नये. डॉक्टरांकडे जावं. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे, 14416 या क्रमांकावर, दिवसरात्र, मराठीतही. समोरासमोर बोलायची धास्ती असलेल्या माणसाला फोनवरचा अनोळखी आवाज सोपा जातो.

मी हे सगळं इतक्या विश्वासाने सांगतेय त्यामागे आणखी एक अभ्यास आहे. प्लूस आणि बोनिवेल यांचा, 2015 मधला. पूर्व लंडनमधल्या शाळकरी मुलींना खिन्नतेला तोंड द्यायचे धडे दिले गेले. धड्यांचा उपयोग झाला तो जास्त संवेदनशील मुलींना. कमी संवेदनशील मुलींमध्ये फरक दिसला नाही. ज्या दाराने वाक्य आत शिरतं, त्याच दाराने मैत्रिणीचा फोन, मावशीचा आवाज आणि फलाटावरची सात मिनिटंही शिरतात. ज्याला लागतं, त्यालाच लागू पडतं.

गेल्या महिन्यात पुन्हा असंच एक वाक्य आलं, असंच सोमवारी. वहीत त्या संध्याकाळची नोंद आहे, 'खट्टू', आणि खाली अर्धं पान. मंगळवारी दोन ओळी. बुधवारच्या पानावर गॅस सिलिंडर आल्याची तारीख आहे आणि दुधाचा हिशेब.